धन्यवादित बिशप निल्स स्टेन्सन : शार्कच्या दातात पृथ्वीचा इतिहास वाचणारे धर्मगुरू

हिवाळ्याच्या दिवसांत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हेनिस नावाच्या गावाजवळ, पाठीवर हवेच्या टाक्या बांधलेले हौशी पाणबुडे समुद्रात उतरतात. उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यांनी पाणी ढवळून गढूळ होते, म्हणून ते वारा पडण्याची वाट पाहतात. मग अंगात जाड रबरी पोशाख चढवून वीस ते पस्तीस फूट खोलीवर तळाची वाळू हाताने चाचपत ते काळ्या, त्रिकोणी, चकचकीत दगडांचा शोध घेतात. हे दगड म्हणजे मेगॅलोडॉन या प्रचंड शार्क माशाचे दात होत. हा मासा सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झाला. असा दात हाती आला की तो कोणत्या प्राण्याचा, याविषयी आज कोणाच्याही मनात शंका येत नाही. परंतु साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठे विद्वानही याविषयी साशंक होते. ती शंका दूर करण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा आहे ते पुढे कॅथोलिक बिशप झाले, आणि ५ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते. निल्स स्टेन्सन हे त्यांचे नाव. विज्ञानाच्या पुस्तकांत ते निकोलस स्टेनो या लॅटिन नावाने आढळतात.

स्टेन्सन यांचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १६३८ सालच्या पहिल्या दिवशी झाला. तेथे त्या काळी जुनी कालगणना चालू होती. आजच्या हिशेबाने ती तारीख ११ जानेवारी येते. वडील सोनार होते आणि राजघराण्यासाठी दागिने घडवीत. घराणे लुथरपंथी, कारण त्या देशात दुसरा पंथ पाळण्याची मुभाच नव्हती. तीन वर्षांचा असताना लहानग्या निल्सला कसल्याशा आजाराने गाठले आणि पुढची सुमारे तीन वर्षे त्याने समवयस्क मुलांपासून दूर, मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकत काढली. आजारातून तो उठतो न उठतो तोच पितृछत्र हरपले. शाळेत असताना शहरात प्लेगची साथ आली आणि तिने त्याच्या शाळेतील सुमारे २४० विद्यार्थ्यांचा बळी घेतला. पुढे वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठात नाव घातले, तर स्वीडनच्या सैन्याने कोपनहेगनला वेढा दिला. मरण हे या मुलाने फार जवळून आणि फार लवकर पाहिले होते. पुढील आयुष्यातील त्यांची विरक्ती समजून घेताना हे दिवस विसरून चालत नाही.

१६६० साली ते शिक्षणासाठी हॉलंडला गेले. ॲमस्टरडॅम येथे एकदा त्यांनी मेंढीचे डोके विकत आणले आणि खोलीत बसून त्याचे विच्छेदन करू लागले. सळई सहज पुढे सरकवली, तर ती एका नळीतून जात थेट दातांवर येऊन आपटली. कानाजवळच्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी ही नळी त्याआधी कोणी वर्णिलेली नव्हती. आजही आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी ती स्टेन्सनची नलिका म्हणूनच शिकतात. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते. ज्या गुरूंच्या घरी ते राहत होते त्यांनी शोधाचे श्रेय स्वतःकडे ओढू पाहिले. तो वाद बरीच वर्षे चालला.

लायडन येथील मुक्कामात त्यांनी हृदयाकडे लक्ष वळवले. हृदय हे जीवाच्या उष्णतेचे, भावभावनांचे आसन आहे, अशी शतकानुशतकांची समजूत होती. स्टेन्सन यांनी ते उकलून पाहिले आणि हृदय हा एक स्नायू आहे, इतर स्नायूंसारखाच धाग्यांनी विणलेला, असा निर्वाळा दिला. त्या काळात देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचा दबदबा मोठा होता. देकार्तने मानवी शरीर म्हणजे एक यंत्र असे गृहीत धरून हृदय आणि मेंदू यांविषयी बरेच काही लिहून ठेवले होते. १६६५ साली पॅरिस येथे विद्वानांच्या सभेत स्टेन्सन यांनी मेंदूवर व्याख्यान दिले, तेव्हा सुरुवातच त्यांनी आपल्याला मेंदूविषयी फारसे काही ठाऊक नाही या कबुलीने केली, आणि मग देकार्तच्या वर्णनातील किती गोष्टी प्रत्यक्ष मेंदूत आढळत नाहीत हे दाखवून दिले. जेवढे दिसते तेवढेच सांगावे, न दिसलेले दिसले म्हणून सांगू नये, ही त्यांची शिस्त होती. पुढे ती त्यांना फार महागात पडणार होती.

१६६६ साली ते इटलीत आले. फ्लॉरेन्सचे ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरे हे विज्ञानाचे मोठे आश्रयदाते. गॅलिलिओचे शिष्य व्हिव्हियानी त्यांच्या पदरी होते. त्यांनी या तरुण डॅनिश वैद्याला आपल्याकडे ठेवून घेतले.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांना एक अजस्र शार्क मादी सापडली. आपल्या कोळीवाड्यांत जिला मुशी किंवा मोरी म्हणतात, तिच्याच विस्तृत कुळातील, पण आकाराने अक्राळविक्राळ. ही बातमी ड्यूकच्या कानी जाताच त्यांनी तिचे डोके फ्लॉरेन्सला पाठवण्याची आज्ञा केली आणि ते स्टेन्सन यांच्या स्वाधीन केले. जबड्यातील दातांच्या रांगांवर रांगा पाहताना त्यांना एका जुन्या कोड्याची आठवण झाली.

ते कोडे असे. माल्टा बेटावर आणि इतरत्रही खडकांत जिभेच्या आकाराचे, टोकदार, कडेला करवतीसारखे दाते असलेले दगड सापडत. लोक त्यांना जिव्हापाषाण म्हणत. प्राचीन रोमन लेखक प्लिनी यांच्या मते ते चंद्र नसलेल्या रात्री आकाशातून पडत. माल्टाच्या लोकांची कथा वेगळी होती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आपण वाचतो की, जहाज फुटल्यानंतर संत पौल माल्टा बेटावर आले, काटक्या विस्तवावर टाकताना एक विषारी साप त्यांच्या हाताला डसला, त्यांनी तो झटकून टाकला आणि त्यांना काहीही इजा झाली नाही. पवित्र शास्त्रात एवढेच आहे. त्याला लोकांनी पुढे असे शेपूट जोडले की, संत पौलांनी बेटावरील सर्व सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगड होऊन मातीत विखुरल्या. मग हे दगड विषावर उतारा म्हणून विकले जाऊ लागले. राजेरजवाडे ते मद्यात बुडवून मग ते मद्य पीत. या व्यापारात कित्येकांचे पोट भरत असे, हे सांगायला नकोच.

विद्वानांपैकी बऱ्याच जणांचा कल असा होता की, जमिनीतच काही घडवणारी शक्ती असते आणि ती गंमत म्हणून दातांच्या, शिंपल्यांच्या आकाराचे दगड तयार करते. याला अपवादही होते. फाबिओ कोलोन्ना या इटालियन अभ्यासकाने १६१६ सालीच हे दगड म्हणजे शार्कचे दात असल्याचे लिहिले होते. तेव्हा ही कल्पना सर्वप्रथम स्टेन्सन यांनाच सुचली, असे जे कधी कधी छापले जाते ते बरोबर नाही. त्यांचे वेगळेपण पुढच्या प्रश्नात आहे. दात शार्कचा, मासा समुद्राचा. मग दात डोंगरातील खडकात पोहोचला कसा?

स्टेन्सन यांनी सोनाराच्या मुलाला शोभेल अशा बारकाईने एकेक मुद्दा तपासला. हे दगड खडकात वाढत असते तर वाढताना त्यांनी भोवतालचा खडक फोडला असता, जशी झाडाची मुळे भिंत फोडतात. तसे कोठेही दिसत नाही. खडकातील दात आणि माशाच्या जबड्यातील दात यांचा आकार तंतोतंत जुळतो. ते इतक्या मोठ्या संख्येने सापडतात यातही नवल नाही, कारण एकाच शार्कच्या तोंडात कितीतरी दात असतात. त्यांच्यासोबत समुद्रातील इतर प्राण्यांचे अवशेषही मिळतात. म्हणून ती जमीन कधी काळी पाण्याखाली होती, पाण्यातील गाळ हळूहळू तळाशी बसला, त्यात दात पुरले गेले आणि तो गाळ पुढे घट्ट होऊन खडक बनला, असे मानणे सयुक्तिक ठरते. दाताचे द्रव्य बदलले तरी त्याचा आकार टिकून राहू शकतो, हेही त्यांनी मांडले. १६६७ साली हे विवेचन प्रसिद्ध झाले. त्यासोबत छापलेले शार्कच्या डोक्याचे चित्र व्हॅटिकनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख मिकेले मेर्काती यांच्या अप्रकाशित ग्रंथातून घेतलेले होते. एवढे करूनही आपण अंतिम निवाडा देत नाही, विचारार्थ ठेवतो आहोत, अशीच त्यांची भूमिका होती.

दोन वर्षे ते टस्कनीच्या टेकड्यांतून, खाणींतून हिंडले आणि १६६९ साली त्यांनी एक छोटेखानी लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. एका मोठ्या ग्रंथाची ती प्रस्तावना होती. तो ग्रंथ कधीच लिहिला गेला नाही. या प्रस्तावनेत त्यांनी जे नियम सांगितले त्यांवर आजचे भूगर्भशास्त्र उभे आहे. गाळाचे थर एकावर एक बसतात, त्यामुळे खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. थर मुळात आडवे असतात. ते तिरपे किंवा उभे दिसले तर पुढे काही उलथापालथ झाली असे समजावे. दरीच्या दोन्ही अंगांना सारखेच थर दिसले तर ते एकेकाळी सलग होते. आज हे नियम इतके साधे वाटतात की, ते कोणाला तरी प्रथम सुचावे लागले याचेच आश्चर्य वाटते. रेल्वेने कसारा घाट चढताना सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात. त्या गाळाच्या नसून लाव्हाच्या थरांच्या आहेत, परंतु खालचा लाव्हा आधीचा आणि वरचा नंतरचा, हे भूगर्भशास्त्रज्ञ याच नियमाने सांगतात.

बायबलशी आपल्या निष्कर्षांचा विरोध येतो असे स्टेन्सन यांना वाटले नाही. पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच आहे असे त्या काळी सर्वच मानत, आणि त्यांनीही आपले थर त्याच चौकटीत बसवले, त्यातील एक टप्पा नोहाच्या जलप्रलयाशी जोडला. ही मर्यादा त्यांच्या काळाची होती.

शार्कचे डोके फ्लॉरेन्सला येण्याच्या चार महिने आधी, २४ जून १६६६ रोजी, स्टेन्सन लिव्होर्नो येथे होते. तो ख्रिस्तशरीराचा सण होता. पवित्र साक्रामेंताची मिरवणूक रस्त्याने चालली होती, घराघरांतून फुले उधळली जात होती, लोक गुडघे टेकत होते. लुथरपंथी स्टेन्सन बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांच्या मनात विचार आला की, एक तर ही केवळ भाकर आहे आणि तिला वंदन करणारे हे सारे लोक मूर्ख आहेत, किंवा हे खरोखर ख्रिस्ताचे शरीर आहे आणि मग आपण का गुडघे टेकत नाही? हा प्रश्न त्यांनी मनाआड केला नाही. ज्या काटेकोरपणे त्यांनी हृदय उकलले होते त्याच काटेकोरपणे ते जुन्या ख्रिस्ती आचार्यांचे ग्रंथ मुळातून वाचू लागले. फ्लॉरेन्सच्या एका मठात औषधालय सांभाळणाऱ्या धर्मभगिनी मरिया फ्लाविया आणि लाविनिया आर्नोल्फिनी नावाच्या एका कुलीन महिला यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, वेळप्रसंगी त्यांना रोखठोक प्रश्नही विचारले. २ नोव्हेंबर १६६७ रोजी, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, त्यांचा निर्णय पक्का झाला.

याच सुमारास डेन्मार्कच्या राजाचे बोलावणे येऊन थडकले. मायदेशी सन्मानाने परत जाण्याची किती वर्षे ते वाट पाहत होते! पण आता ते कॅथोलिक झाले होते आणि ही गोष्ट लपवून नोकरी पत्करणे त्यांना शक्य नव्हते. पुढे १६७२ साली धर्मपालनाची मुभा मिळून ते कोपनहेगनला गेले खरे, मात्र विद्यापीठातील अध्यापकपद त्यांना मिळू शकले नाही. दोन वर्षांत ते इटलीला परतले. याच काळातील एका लिखाणात त्यांनी जन्मजात हृदयदोषाचे जे वर्णन केले आहे, त्याला आज फॅलोची चतुर्विकृती म्हणतात. असे बाळ निळसर का पडते, हे आपल्याकडील अनेक आईवडिलांना दुर्दैवाने अनुभवाने ठाऊक असते.

एप्रिल १६७५ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्यांनी गुरुदीक्षा घेतली. विज्ञानातील संशोधन यानंतर जवळजवळ थांबले. दोन वर्षांनी पोप इनोसंट अकरावे यांनी त्यांना उत्तर युरोपातील मिशनचे व्हिकर अपोस्टोलिक नेमले. जेथे नियमित धर्मप्रांत नसतो तेथे पोप महोदयांच्या वतीने कारभार पाहणारे हे पद. आपल्या मुंबईतही १८८६ साली आर्चडायोसिस स्थापन होईपर्यंत अशीच व्यवस्था होती. १९ सप्टेंबर १६७७ रोजी रोममध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा देणारे कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो हे पुढे, १९६० साली, संत म्हणून घोषित झाले.

याच सप्टेंबरात घडलेली एक गोष्ट मात्र वाचकांना बोचेल. लायडनच्या दिवसांत तत्त्ववेत्ता स्पिनोझा याच्याशी स्टेन्सन यांचा स्नेह होता. स्पिनोझा त्याच वर्षी निधन पावला होता. त्याच्या मुख्य ग्रंथाची हस्तलिखित प्रत रोममध्ये स्टेन्सन यांच्या हाती आली आणि त्यांनी ती धर्मशासनाच्या चौकशी विभागाकडे तक्रारीसह सोपवली. श्रद्धेला यापासून धोका आहे असे त्यांना मनापासून वाटत होते, यात संशय नाही. तरी मेंदूविषयीचे अज्ञान भर सभेत कबूल करणाऱ्या माणसाने जुन्या मित्राच्या ग्रंथावर चौकशी ओढवावी, हे आज वाचताना मन खट्टू होते. इतिहासाचा विचित्र न्याय असा की, तीच प्रत व्हॅटिकन ग्रंथालयात सुखरूप राहिली आणि २०१० साली सापडली. त्या ग्रंथाचे तेवढे एकच हस्तलिखित आज उपलब्ध आहे.

बिशप स्टेन्सन जर्मनीतील हॅनोव्हर येथे रुजू झाले. तेथील ड्यूक कॅथोलिक होते, आणि त्यांच्याच दरबारी थोर गणितज्ञ लायबनिझ काम करीत. दोघांच्या दीर्घ चर्चा झाल्या. स्टेन्सन यांच्या भूगर्भविषयक कामाचे लायबनिझ यांना अतोनात कौतुक होते, आणि असा शास्त्रज्ञ विज्ञान सोडून सामान्य प्रतीचा धर्मशास्त्री बनला याची त्यांना हळहळ वाटे. ही हळहळ आजही अनेक लेखक व्यक्त करतात. ती अगदी अनाठायी आहे असे म्हणवत नाही, कारण तो न लिहिलेला मोठा ग्रंथ जगाला हवा होता. पण स्टेन्सन यांच्या लेखी माणसाचा आत्मा हा खडकापेक्षा मोलाचा होता, आणि त्यांनी निवड डोळे उघडे ठेवून केली होती.

१६७९ साली ड्यूक वारले, नवे ड्यूक प्रोटेस्टंट आले, आणि स्टेन्सन यांना हॅनोव्हर सोडावे लागले. पुढील वर्षी ते म्युन्स्टरचे सहायक बिशप झाले. तेथे त्यांनी गावोगाव फिरून धर्मग्रामांना भेटी दिल्या आणि धर्मगुरूंच्या शिस्तीकडे कडक लक्ष पुरवले. हा कडकपणा सर्वांना रुचला असे नाही. १६८३ साली म्युन्स्टरचे मुख्य बिशप निवर्तले. नव्या बिशपांच्या निवडीत पैशाचा वापर झाला, मते विकत घेतली गेली. निवडून आलेले मॅक्सिमिलियन हेन्री हे आधीच कोलोनचे आर्चबिशप होते आणि आणखीही धर्मप्रांत त्यांच्या ताब्यात होते. सर्वांनी मौन पाळले असते तर सहायक बिशपांचे पद, घर आणि मिळकत शाबूत राहणार होती. धर्मपदाची खरेदी-विक्री हे पाप आहे, ते आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि पाहिलेले पाहिले नाही असे आपण म्हणू शकत नाही, अशी भूमिका घेऊन स्टेन्सन शहर सोडून निघून गेले. रोमला त्यांनी सारे कळवले.

त्यानंतरची तीन वर्षे हालअपेष्टांची होती. हॅम्बुर्ग येथे कॅथोलिक मूठभर, आणि त्यांतील काहींना हा निष्कांचन, स्पष्टवक्ता बिशप नकोसा झाला. जुना झगा, पायी प्रवास, अखंड उपवास असे त्यांचे जगणे होते. गरिबांना देण्यासाठी त्यांनी बिशपपदाची अंगठी आणि गळ्यातील क्रूसही विकून टाकला. सोनाराच्या घरात जन्मलेल्या या माणसाला त्या सोन्याची नेमकी किंमत नक्कीच ठाऊक असणार. शरीर खंगत गेले. इटलीला परतावे असे वाटत असतानाच श्वेरीन येथील लहानशा कॅथोलिक समूहाला धर्मगुरूची गरज आहे असे कळले, आणि १६८५ मध्ये ते तिकडे गेले. पोटातील खड्यांच्या असह्य वेदना सोसत ५ डिसेंबर १६८६ रोजी त्यांनी देह ठेवला. वय होते अठ्ठेचाळीस.

ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांनी आपल्या या जुन्या मित्राचे पार्थिव फ्लॉरेन्सला आणवले आणि सान लोरेन्झो महामंदिरात, मेदिची घराण्याच्या सान्निध्यात, त्याचे दफन झाले. पुढे जवळजवळ दोन शतके जग त्यांना विसरले. १८८१ साली बोलोन्या येथे जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ परिषदेसाठी जमले, तेव्हा ते मुद्दाम फ्लॉरेन्सला आले आणि आपल्या शास्त्राच्या या जनकाच्या कबरीपाशी त्यांनी स्मारक उभारले. त्यांत कॅथोलिक किती होते कोण जाणे! १९३८ मध्ये, त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली त्या साली, डेन्मार्कच्या यात्रेकरूंनी पोप पायस अकरावे यांच्याकडे त्यांना संतपद मिळावे अशी विनंती केली. १९५३ साली त्यांचे अवशेष आर्नो नदीत सापडलेल्या एका प्राचीन ख्रिस्ती शवपेटीत ठेवून सान लोरेन्झोमधील स्वतंत्र चॅपेलमध्ये हलवण्यात आले, आणि २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.